उन्हाळ्यात गड चढायचा तर आधी पाणी मोजा: बेळगाव, खानापूर, चंदगडच्या डोंगरांसाठी सविस्तर तयारी

वैशाखातली शिवजयंती जवळ आली की बेळगावच्या गल्ल्यागल्ल्यांतली आणि आसपासच्या गावांतली पोरं ज्योत आणायला निघतात. कोणी राजहंसगडावरून, कोणी पारगडावरून, कोणी थेट पन्हाळ्याहून. पुढे मशाल, मागे टेम्पो, आणि डांबरी रस्त्यावर अनवाणी पळणारे पाय. वर्षातले सगळ्यात तापलेले दिवस हेच, आणि गडांवर गर्दीही याच दिवसांत. शाळा-कॉलेजं सुटलेली असतात, मुंबई-पुण्याचे पाहुणे घरी आलेले असतात आणि कोणीतरी म्हणतंच, "चला की, उद्या महिपाळगडाला जाऊन येऊया."

उन्हाळ्यात जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. एप्रिल-मेमध्ये मी स्वतः या डोंगरांत फिरतो. पिकलेली करवंदं, जांभळं, काजूच्या बोंडांचा वास, पहाटेची स्वच्छ हवा हे सगळं याच दिवसांत मिळतं. पण पावसाळ्यातला ट्रेक आणि उन्हाळ्यातला ट्रेक यांचं गणित वेगळं आहे. उन्हाळ्यात किलोमीटर मोजून काही कळत नाही. पाणी मोजायचं आणि घड्याळ बघायचं, बाकी सगळं त्यावरून ठरवायचं.

हे मला कलानिधीगडानं शिकवलं. मे महिना होता. मी आणि माझा मावसभाऊ सकाळी साडेनऊला कालिवड्याहून चढायला लागलो. दोघांत मिळून तीन लिटर पाणी. छोटा गड आहे, दीड तासात वर जाऊ, असा हिशोब. अर्ध्या चढावर तो गप्प झाला. मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागला, "गाडी कुठं लावली रे?" मला वाटलं थट्टा करतोय. दोन-तीन मिनिटांनी तो वाटेतच बसला. चेहरा लालबुंद, आणि हात लावला तर अंग तव्यासारखं. कसाबसा धरून खालच्या झोपडीपर्यंत आणला. तिथल्या मावशींनी त्याला बघितलं, आत गेल्या आणि घागर घेऊन आल्या. मी पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "आधी आंग गार होऊ दे लेकरा, मग पाज." अर्धी घागर त्यांनी त्याच्या मानेवर, काखांत आणि छातीवर ओतली, ओलं लुगडं त्याच्या अंगावर टाकलं आणि सुपानं वारा घालत राहिल्या. तो नीट बोलायला लागला तेव्हा कुठे मीठ घातलेलं ताक दिलं, तेही घोटाघोटानं. त्यानंतर आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या दहा मिनिटांत जे केलंत त्यानं वाचला.

पुढचं सगळं त्या दिवसानंतर शिकलेलं आहे.

पहिलं काम: कोणता उन्हाळा, ते ठरवा

आपल्याकडे उन्हाळे दोन असतात. होळीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा उन्हाळा कोरडा. रात्री गार, सकाळी गार, दुपारी भाजणारं ऊन. घाम आलेला कळत नाही, कारण लगेच सुकतो; म्हणून अंगातलं पाणी किती गेलं याचा अंदाज चुकतो. डोंगरावरचं गवत वाळून सोन्यासारखं झालेलं असतं आणि वणवे लागतात ते याच काळात.

दुसरा उन्हाळा वळवाचा. सकाळ निरभ्र असते, बारानंतर उकडायला लागतं, दोन-तीनला बहुतेक वेळा पूर्वेकडून काळे ढग उठतात, धूळ उडते, वीज कडाडते, गारा पडतात आणि तासाभरात सगळं मोकळं होतं. या दिवसांत दमट हवेमुळे घाम वाळत नाही, अंग गार होत नाही, आणि पारा कमी दिसला तरी त्रास जास्त होतो. बेळगाव शहर साधारण अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे पहाट बहुतेक दिवस सुखाची असते. पण याच भरवशावर लोक फसतात. सकाळी सातला वारं गार लागतं आणि वाटतं, दिवसभर असंच राहील.

नवख्यांना घेऊन जायचं असेल तर माझ्या मते मार्च किंवा एप्रिलचा पहिला पंधरवडा बरा. मे महिन्यात फक्त सकाळचे छोटे ट्रेक करावेत. मेच्या शेवटी हवा इतकी जड होते की मी स्वतः मोठा चढ टाळतो.

जागा निवडताना आधी पाणी, मग सावली, मग उंची

पहिल्यांदाच उन्हाळ्यात बाहेर पडत असाल तर राजहंसगडापासून सुरुवात करा. येळ्ळूरचा हा गड शहराच्या जवळ आहे, वरपर्यंत गाडीरस्ता आहे, सिद्धेश्वराचं मंदिर आहे, आणि काही झालं तर अर्ध्या-पाऊण तासात बेळगावातला दवाखाना गाठता येतो. इथे सॅक पाठीवर घेऊन सराव करायचा. याला ट्रेक कोण म्हणतं, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या.

दुसरी पायरी महिपाळगड. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीपर्यंत जायचं, तिथून देवरवाडी, तिथलं वैजनाथाचं जुनं दगडी मंदिर, आणि मग झाडीतून वर. उन्हाळ्यासाठी ही वाट मला सगळ्यात आवडते, कारण चढाला झाडी आहे आणि गडावर अख्खं गाव नांदतं. वर माणसं आहेत, म्हणजे पाणी आहे. वैजनाथाला पाया पडून निघायचं, वर गावात पाणी भरायचं आणि नऊ-साडेनऊपर्यंत पुन्हा खाली मंदिराच्या सावलीत यायचं.

पारगड लांब आहे, चंदगड ओलांडून पार गोव्याच्या बाजूला, पण एका रात्रीच्या मुक्कामाला त्याच्यासारखा गड नाही. तानाजी मालुसऱ्यांच्या घराण्याचा वारसा सांगणारी वस्ती तिथे आजही आहे, भवानीचं मंदिर आहे, तलाव आहेत. पायऱ्यांची जुनी वाट आहे आणि गाडीरस्ताही झाला आहे. पायऱ्यांनीच जा, पण पहाटे.

कलानिधीगड, गंधर्वगड, सामानगड, आणि इकडे हुक्केरी तालुक्यात संकेश्वरजवळ हरगापूरचा वल्लभगड हे सगळे अर्ध्या दिवसाचे गड आहेत. वल्लभगड हायवेच्या जवळ आहे आणि त्याच्यावरही वस्ती आहे. सौंदत्ती-गोकाककडचे डोंगर वेगळे, उघडे आणि तापणारे. तिकडे मे महिन्यात दिवसा चालण्यात मला काही अर्थ दिसत नाही. गोकाकचा धबधबाही उन्हाळ्यात जवळजवळ कोरडाच असतो.

खानापूरचं जंगल ही वेगळी गोष्ट आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात सावली भरपूर आहे, पण ओढे मार्चनंतर आटतात आणि नकाशावर निळी रेघ दिसली म्हणून तिथे पाणी असेलच असं नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं मंदिर आहे. तिथून पुढे जाताना बाटल्या तिथेच भरून घ्या. हब्बनहट्टीचा मारुती पावसाळ्यात पाण्याखाली जातो, उन्हाळ्यात मोकळा असतो, म्हणून गर्दी होते. नदीत पोहायचा मोह होतोच. पण वरून शांत दिसणाऱ्या डोहात खाली खडकांच्या कपारी असतात. ज्याला पट्टीचं पोहता येत नाही त्यानं गुडघ्यापलीकडे जाऊ नये, आणि तापलेल्या अंगानं थेट उडी तर कोणीच मारू नये.

परवानगीचं काम फोनवर उरकू नका

भीमगड हे २०११ साली अभयारण्य झालं. किल्ला, बारापेडेच्या गुहा, म्हादईचं उगमाचं खोरं, हे सगळं त्या रानात येतं. गवाळी, कोंगळा, पास्तोळी, तळेवाडी ही गावं आत आहेत म्हणून ओळखीच्या माणसाला घेऊन जाता येतं, हा समज चुकीचा आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बारापेडेच्या गुहांत रॉटनची वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी जात. तिथे जाऊन टॉर्च मारणं म्हणजे त्यांच्या मुळावर उठणं.

वणव्याच्या दिवसांत वनखातं उघड्या असलेल्या वाटाही बंद करतं. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. चंदगडच्या हद्दीतल्या जंगलासाठी तिकडच्या वनखात्याला विचारायचं. डोंगर एकच असला तरी मधून राज्याची हद्द गेली आहे आणि अर्ध्या वाटेवर कायदा बदलतो. रेल्वेच्या रुळांवरून चालत दूधसागरला जाण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. त्याला बंदी आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते.

एसटीनं जाणार असाल तर आणखी एक. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवरच थांबतात. आदल्या रात्री बातम्या बघा आणि परतीचा दुसरा मार्ग ठरवून ठेवा.

दहा दिवस आधीपासून अंगाला ऊन दाखवा

अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण कमी होतो. दिवसभर एसीत बसणाऱ्या माणसानं शनिवारी रात्री ठरवून रविवारी गड चढायचा, हे धोक्याचं आहे. दहा दिवस आधीपासून रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्धा-पाऊण तास चाला, शेवटचे चार दिवस पाठीवर पाच किलो घेऊन. बेळगावच्या कॅम्पातल्या रस्त्यांवर मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान पिठू (पाठीवरची लष्करी पिशवी) बांधून पळताना दिसतात. त्यांनाही ती सवय एका दिवसात लागलेली नसते.

आदल्या आठवड्यात ताप, जुलाब झाले असतील तर जाऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आदल्या रात्री दारू प्यायलेल्या माणसाला मी बरोबर घेत नाही. त्याचं अंग निघायच्या आधीच कोरडं पडलेलं असतं.

पाण्याचा हिशोब

उन्हाळ्यात सावलीतून सपाटीवर चालताना माणशी तासाला अर्धा लिटर आणि उन्हात चढताना पाऊण ते एक लिटर, असं मी धरतो. महिपाळगडासारखा पाच तासांचा ट्रेक म्हटला तर माणशी चार लिटर, आणि त्यावर एक लिटर राखीव. राखीव बाटलीला मी लाल दोरा बांधतो. गाडीजवळ परत येईपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही. उघडावं लागलंच तर त्याचा अर्थ ट्रेक तिथेच संपला, पुढे जायचं नाही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटर पाठीवर घेतल्यावर सॅक जड होते, म्हणून मग बाकीच्या वस्तू कमी करायच्या. लोक नेमकं उलटं करतात. स्पीकर, कॅमेऱ्याचा स्टँड, तीन डबे घेतात आणि पाणी वर मिळेल म्हणतात.

तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच मोठे घोट घ्या. पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं म्हणून अजून पितो. म्हणून निम्मं पाणी साधं आणि निम्मं मीठ-साखरेचं ठेवा. घरचा हिशोब सोपा आहे: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ओआरएसची पाकिटं मिळाली तर उत्तमच, मात्र एक पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण टाकायचं. अर्धं आता, अर्धं नंतर असं नाही.

पाणी गार ठेवायला माझ्याकडे आजीचीच युक्ती आहे. स्टीलच्या बाटलीवर जुना सुती मोजा चढवायचा, तो ओला करायचा आणि बाटली सॅकच्या बाहेर वाऱ्याला लटकवायची. मार्चच्या कोरड्या हवेत पाणी माठासारखं गार राहतं. मेच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही.

विहिरीचं, टाक्याचं पाणी भरताना आधी तिथल्या माणसाला विचारा, हे पिता का म्हणून. मग चौपदरी फडक्यातून गाळा आणि क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. गावातल्या लोकांना एप्रिल-मेमध्ये स्वतःलाच पाणी पुरत नाही, हे विसरू नका. वीस जणांनी जाऊन एका घराची घागर रिकामी करायची नाही. मोठा गट असेल तर खालूनच भरून न्या.

लघवीचा रंग बघत राहा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद झाला किंवा चार तासांत लघवीला जावंसंच वाटलं नाही, तर सावलीत बसा आणि मीठ-साखरेचं पाणी प्या. बायका-मुली आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात, हे मी प्रत्येक ट्रेकला बघितलं आहे. नेणाऱ्यानं ही गोष्ट आधीच बोलून घ्यावी आणि थांबायच्या जागा ठरवाव्यात. यात लाजण्यासारखं काही नाही.

आदल्या रात्री

जेवण साधं ठेवा. पहाटे निघताना नाचणीचं आंबील ताक घालून प्या, पोट गार राहतं. बाटलीत भरून नेलं तर नऊच्या आत संपवा, नंतर आंबतं. डब्यात जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लिंबू. जिभेला खारट लागेल असं काहीतरी हवंच, म्हणून भडंग. चालताना तोंडात टाकायला गोकाकचं करदंट. गूळ, डिंक, सुकं खोबरं, काजू-बदाम असं सगळं त्यात असतं, एक वडी खाल्ली की तासभर चालायला बळ येतं, आणि उन्हात टिकतंही. कुंदा मात्र घरीच खा. खव्याचा आहे, सॅकेत तापला की खराब होतो.

कपडे सुती किंवा लगेच वाळणारे, सैल, फिके, पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे. हाफ पँट नको. त्याचं कारण पुढे गोचिडांत येईल. रुंद कडांची टोपी आणि मोठा सुती पंचा हवाच. पंचा मानेवर टाकता येतो, भिजवून डोक्याला बांधता येतो, पाणी गाळता येतं, पाय मुरगळला तर आवळता येतो.

सॅकेत शिट्टी, टॉर्च, जादा सेल, ओआरएसची पाच पाकिटं, क्रेप बँडेज, रोजच्या गोळ्या, आणि कागदावर लिहिलेले घरच्यांचे नंबर ठेवा. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे घरी एका माणसाला सांगा. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन नाही आला तर कोणाला कळवायचं, तेही सांगा. खानापूरच्या जंगलात आणि पारगडच्या बाजूला फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

घड्याळ

चंदगडच्या उघड्या गडांवर पहाटे पाचला टॉर्च घेऊन चालायला लागा. सूर्य सहा-सव्वासहाला उगवतो, तोपर्यंत निम्मा चढ झालेला असतो. खानापूरच्या जंगलात मात्र अंधारात निघू नका. तिथे अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि पहाटे-तिन्हीसांजेला ती वाटांवर असतात. पिकलेली फळं, वारुळं, मध यांच्या मागे अस्वल फिरतं आणि अचानक समोर माणूस आला की घाबरून अंगावर येतं. नीट उजाडू द्या, मग निघा, चौघं-पाचजण मिळून, बोलत बोलत.

साडेदहाला तुम्ही सावलीत असायला हवं. गड सर झाला असो वा नसो. निघायच्या आधीच "मागे फिरायची वेळ" ठरवा आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलून दाखवा, म्हणजे वर गेल्यावर "आता दहाच मिनिटं राहिलीत" असं कोणी म्हणालं तरी ऐकावं लागत नाही. साडेदहा ते चार झोपा, पत्ते खेळा, देवळात बसा. मुक्काम असेल तर चारनंतर पुन्हा चाला. पण वळवाचे दिवस असतील तर तेही नको.

पायाखाली

आपल्याकडचे बरेच गड माथ्यावर जांभ्याचे. उन्हाळ्यात जांभ्याची बारीक गोल खडी सुटते आणि तिच्यावरून पाय छर्ऱ्यांवरून घसरावा तसा सटकतो. त्यावर वाळलेलं गवत आडवं पडलं असेल तर अजूनच. चढताना त्रास नाही, उतरताना आहे. पावलं छोटी टाका, गुडघा थोडा वाकलेला ठेवा, पूर्ण तळवा टेका आणि घसाऱ्यावर एकमेकांत दहा-बारा फूट अंतर ठेवा. जुने, तळ गुळगुळीत झालेले बूट या वाटेला चालत नाहीत.

चालताना गटातल्या सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवा आणि अनुभवी माणूस शेवटी. बोलता बोलता चालता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटत असेल तर वेग जास्त आहे.

कन्नड मुलखात, म्हणजे सौंदत्ती-गोकाककडे, दोन वाक्यं तरी येऊ द्या. "नीरु एल्लि सिगत्तदे?" म्हणजे पाणी कुठे मिळेल. "दारी याव कडे?" म्हणजे वाट कुठल्या बाजूला. अण्णा, अक्का म्हणून विचारलंत तर लोक काम सोडून वाट दाखवायला येतात.

मुक्काम

गडावर वस्ती असेल तर आधी गावात जाऊन विचारा, देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपू का. जेवणाचे पैसे आपणहून द्या. शेकोटी नको, चूलही नको. एका ठिणगीनं अख्खा डोंगर जळतो. त्या गवतात पाखरांची घरटी असतात आणि त्याच गवतावर गावाची गुरं जगतात. विडी-सिगारेटलाही हेच लागू. गरम काही हवंच असेल तर वस्तीत करून घ्या.

उन्हाळ्यात विंचू जास्त दिसतात. दगड उचलताना हात घालू नका, बूट घालायच्या आधी झटका, अंथरूण झोपायच्या वेळीच पसरा.

कातळ आणि दोर

उन्हाळी शिबिरांत रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), क्लाइंबिंग ठेवतात. त्यासाठी तीनच गोष्टी सांगतो, पण ठाम सांगतो. जांभ्यावर दोर लावू नये. तो भुसभुशीत असतो, अँकर (दोर बांधायचा आधार) धरत नाही. बदामीचा वालुकाश्म चढायला फार सुंदर आहे, देशभरातून लोक येतात, पण त्याचा हंगाम हिवाळा. एप्रिल-मेमध्ये तिथला दगड हाताला चटके देतो आणि घामानं पकड सुटते. जायचंच असेल तर सकाळी सावलीतली भिंत निवडा. वळीव पडल्यावर दोन-तीन दिवस तरी त्या दगडाला हात लावू नका. ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि धरलेला तुकडाच हातात येतो.

आणि कोण दोर लावतंय हे बघा. अँकर किमान दोन आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले आहेत का, हेल्मेट प्रत्येकाला आहे का, रॅपलिंगच्या दोराच्या टोकाला गाठ मारली आहे का, उतरायच्या आधी दुसरा माणूस हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) तपासतो का. यातल्या एकालाही उत्तर "नाही" असेल तर पैसे गेले तरी चालतील, मुलांना घेऊन परत या.

मोहोळ आणि वीज

जंगलात बोलत चला असं वर सांगितलं, पण कड्याखाली गप्प राहा. आग्या मोहोळं उन्हाळ्यात कड्यांना, बुरुजांना, मोठ्या झाडांना लटकलेली असतात. अत्तर, धूर, ड्रोन, फटाके आणि हलगी यांनी ती उठतात. ज्योत नेणाऱ्या मंडळांनी हे विशेष लक्षात ठेवावं: मशाल पेटवायची जागा मोहोळापासून लांब ठेवा, आणि फटाके गडावर नकोतच. माश्या उठल्याच तर जमिनीवर लोळू नका, हात हलवत उभे राहू नका. पंच्यानं तोंड-मान झाका आणि पायाखाली बघत झाडीतून किंवा घराच्या दिशेनं पळा, माश्या पाठ सोडेपर्यंत. काटे नखानं खरवडून लगेच काढा. ज्याला श्वास घ्यायला त्रास होतो, ओठ-डोळे सुजतात, त्याला तडक दवाखान्यात.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनवर घ्या. रेंज नसेल तर कान वापरा: वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती धोक्याच्या अंतरात आहे. माथा, बुरुज, एकटं झाड, झेंड्याचा खांब सोडा आणि पक्क्या घरात किंवा गाडीत जा. काहीच नसेल तर खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांपासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच निघा.

ऊन लागलं तर

चक्कर, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम आणि डोकं ठणकणं ही पहिली पायरी. लगेच सावली, आडवं झोपवून पाय थोडे उंच, कपडे सैल, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी चढ नाही, उतरायचं.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग भाजायला लागलं की ती दुसरी पायरी, उष्माघात. घाम थांबलेला असेलच असं नाही. इथे पाणी पाजण्याआधी अंग गार करणं. आहे तेवढं पाणी मानेवर, काखांत, जांघांत, छातीवर ओता, ओला पंचा टाका, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. राखीव बाटली याच्यासाठीच असते. एकानं १०८ ला फोन करायचा आणि सगळ्यात आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगायचं. "महिपाळगड" एवढंच सांगून भागत नाही. "महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका" असं म्हणा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर अंग गार करत करत स्वतःच्या गाडीनं निघा.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. चावलेला अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि सर्पदंशाची लस असलेल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात थेट न्या.

घरी आल्यावर

आता गोचिडांबद्दल. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप आता आपल्या दारात आला आहे. गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या बाजूला गेल्या दहा वर्षांत रुग्ण आढळले आहेत, आणि काजू-बागायतीत काम करणाऱ्या माणसांना तो जास्त होतो. पसरतो तो गोचिडांनी, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे. म्हणून पँट मोज्यात खोचून चाला, पाचोळ्यात बसू नका, अंथरायला जाड चादर घ्या. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता, जागा लक्षात ठेवून जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवा.

घरी आल्यावर आधी सगळे कपडे कढत पाण्यात टाका, गरम पाण्यानं साबण लावून आंघोळ करा, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत गोचीड बघा. लहान मुलांचं आई-वडिलांनी बघावं. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, चिरडू नका. पुढचे पंधरा दिवस लक्ष ठेवा. एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर "ऊन लागलं असेल" म्हणून घरी झोपून राहू नका. दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा: अमुक तारखेला खानापूरच्या किंवा चंदगडच्या रानात जाऊन आलोय.